ब्रेकला पाय लागण्याआधी

बंगळुरूच्या आउटर रिंग रोडवर सर्व्हिस रोड सोडून एका दिशेला तीन लेन आहेत. लेन साडेतीन मीटरची धरली, तर दुभाजक गाठायला साडेदहा मीटर चालावं लागतं. सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्या धडधाकट माणसाला त्यासाठी नऊ सेकंद लागतात. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्यात १५० मीटर कापते. म्हणजे पहिलं पाऊल टाकण्यापूर्वीच पादचाऱ्याने दीडशे मीटर लांबच्या गाडीचा वेग अचूक ओळखायला हवा!

डोळा हे कसं करतो? समोरून येणारी गाडी डोळ्यांत मोठी मोठी होत जाते आणि त्या वाढण्यावरून मेंदू अंदाज बांधतो. पण इथे एक विलक्षण फसगत आहे. दोन गाड्या पाच सेकंदांनी आपल्यापर्यंत पोहोचणार असतील, तर त्यांतली वेगवान गाडी आत्ता जास्त लांब असते. म्हणून ती लहान दिसते आणि तिचं मोठं होणंही मंद भासतं. जिचा धोका जास्त, तीच कमी भीतीदायक वाटते! लंडनजवळच्या रॉयल हॉलोवे विद्यापीठातल्या संशोधकांना आढळलं, की प्राथमिक शाळेतल्या मुलांना ताशी साधारण ३२ किलोमीटरहून वेगाने येणारी गाडी खात्रीने ओळखताच येत नाही. हा मुलांचा निष्काळजीपणा नाही. त्यांची दृष्टीच अजून तेवढी घडलेली नसते.

आता चालकाच्या जागेवर बसू. माणूस दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद जातो असं धरू. कोरड्या रस्त्यावर ताशी ५० ची गाडी तेवढ्यात १४ मीटर पुढे जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी १४ मीटरनी थांबते. तिच्या शेजारून ताशी ६० ने येणारी गाडी त्याच ठिकाणी पोहोचते, तेव्हा तिचा वेग किती उरलेला असतो? जवळजवळ ४०! सुरुवातीचा दहाचा फरक माणसाच्या अंगावर चाळीस होऊन आदळतो, कारण गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने सरासरी वेग एक टक्का वाढला, तर जीवघेण्या अपघाताची शक्यता चार टक्क्यांनी वाढते.

अपघाताची उरलेली कारणं रस्त्यावरच्या परिस्थितीत असतात. फुटपाथवर दुचाक्या लावलेल्या असतात, कुठे गटारावरची फरशी निखळलेली असते. मग माणूस खाली उतरतो आणि वाहनांकडे पाठ करून चालू लागतो. थांब्यावर उभ्या बसपुढून तो बाहेर येतो, तेव्हा पलीकडच्या लेनमधल्या चालकाला तो शेवटच्या क्षणी दिसतो. रात्री गडद कपड्यांतला माणूस फार उशिरा नजरेस पडतो आणि नेमका त्याच वेळी, दिवसभर तुंबलेला रस्ता मोकळा होऊन वाहनं सुसाट धावतात. पादचारी पुलाचे जिने एखाद्या आजीच्या गुडघ्यांना झेपत नाहीत, म्हणून तीही खालूनच रस्ता ओलांडते.

बंगळुरूच्याच ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेत डॉ. जी. गुरुराज यांनी वर्षानुवर्षं अपघातांचा अभ्यास रोगांच्या साथीसारखा केला. कोण, कुठे, केव्हा, कशाने जखमी झालं याच्या नोंदी ठेवल्या, की दैवाचा फेरा वाटणारी गोष्ट टाळता येण्याजोगी दिसू लागते. याच शहराने उपायही करून पाहिलेत. ‘टेंडरश्युअर’ योजनेत रेसिडेन्सी रोड, कनिंगहॅम रोड अशा रस्त्यांवर लेनची रुंदी एकसारखी केली, वायरी-पाइप जमिनीखाली नेले आणि फुटपाथ रुंद केले. २०१८ मध्ये चर्च स्ट्रीट नव्याने दगडांनी बांधून काढला. तसा पृष्ठभाग, उंच झेब्रा क्रॉसिंग, दुभाजकात थांबायची जागा यांमुळे दंडाच्या पावतीवाचूनही वेग उतरतो. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोग्या फुटपाथचा हक्क घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

जिथे माणसं आणि वाहनं एकत्र वावरतात, तिथे जागतिक आरोग्य संघटना ताशी ३० ची मर्यादा सुचवते. त्या वेगाची गाडी सुमारे १३ मीटरमध्ये पूर्ण थांबते. ताशी ५० ची गाडी तेवढ्या अंतरात ब्रेकला स्पर्शही न होता पुढे सरकलेली असते. म्हणून अपघातानंतर ‘चूक कोणाची?’ एवढंच विचारून थांबू नये. या रस्त्याने गाडीला इतका वेग घेऊच कसा दिला, हेही महापालिकेला विचारायला हवं, आणि पुढचा अपघात होण्याआधी विचारायला हवं.