गॅस गेलाय म्हणे

मे महिन्यात हदगावात दूध नासलं तर कुणी बातमी करत नाही. फ्रीजमध्ये ठेवलेलं नासलं, की मात्र घरात पंचाईत सुरू होते. वर फ्रीजरमधला बर्फ दगडासारखा, खाली पाण्याची बाटली कोमट, कोथिंबीर मलूल. मधूनच आतून खर्रर्र आवाज यायचा. पहिल्या मेकॅनिकनं आत हात घालून पाहिला, मीटर टेकवल्यासारखा केला आणि चार्जिंगचा खर्च सांगून मोकळा झाला. फ्रीज बिघडला की गॅसच जातो, हा आपल्याकडचा पक्का समज. ताप आला की सलाईन लावा म्हणतात, त्यातलाच प्रकार.

आईला ते पटलं नाही. “गॅस गेला तर वर बर्फ कसा व्हायलाय?” हा तिचा प्रश्न. दुसरा मेकॅनिक आला तेव्हा तिनं त्यालाही आधी हेच विचारलं. तो हसला. “बरोबर विचारलात काकू.”

त्यानं प्लग काढला, फ्रीजर रिकामा केला आणि मागचं प्लास्टिकचं पान सैल केलं. ते सहजासहजी निघेना, कारण मागून बर्फानं धरून ठेवलं होतं. घाईत पेचकस घालून बर्फ फोडायचा नाही, हे तो दोनदा म्हणाला. ॲल्युमिनियमच्या नळीला टोक लागलं, की मग खरोखरच गॅस जातो. आईनं गरम पाण्याचं पातेलं आत ठेवलं, दार लावलं आणि आम्ही चहा घेतला.

पान निघालं तेव्हा मागची कॉइल दिसतच नव्हती. वरपासून खालपर्यंत पांढरी भिंत, आणि पंख्याचं पातं त्या बर्फाला घासत होतं. खर्रर्र ते हेच. “गॅस कमी असता तर पहिल्या दोन-तीन वेढ्यांवरच बर्फ धरला असता,” तो म्हणाला. “हे तर सगळं भरलंय. थंडी बनायलीय, पण तिला खाली जायला वाट नाही.”

अशा फ्रीजमध्ये थंडी तयार होते ती या एकाच कॉइलवर. पंखा तिथली हवा वर-खाली खेळवतो. दार उघडलं की आत येणारी दमट हवा कॉइलवर बर्फ होऊन बसते. म्हणून ठरावीक तासांनी कॉम्प्रेसर थांबतो आणि कॉइलखालचा हीटर पेटून तो बर्फ वितळवतो. हीटर कधी विझवायचा, हे बोर्डाला कळतं ते कॉइलला चिमट्यानं अडकवलेल्या, शेंगदाण्याएवढ्या सेन्सरकडून.

हीटर त्यानं मीटरवर घेतला, ३०० ओहमच्या आसपास भरला. फ्यूजवर बझर वाजला. उरला सेन्सर. त्याचं सॉकेट सुटं करून मोजला, ४.४ किलोओहम. पेटीतला त्याच जातीचा नवा काढला, ५.३. खोलीत ४० अंशांचा उकाडा होता आणि दोघांत फरक एवढाच. मला वाटलं, चालतंय की. पहिल्या माणसानं मोजला असेल तर तोही इथंच फसला असणार.

“आता खरी साक्ष घेऊ,” म्हणत त्यानं स्टीलचा ग्लास मागितला. बर्फ कुटून भरला, वर थोडं पाणी, चमच्यानं ढवळलं. वितळत्या बर्फाचं पाणी शून्य अंशावरच राहतं. हदगावात असो की लंडनात, त्याला कंपनी विचारत नाही. दोन्ही सेन्सर त्यात बुडवले आणि तो गप्प बसला. नव्याचा आकडा चढत गेला, १५, २२, २९, आणि साडेबत्तीसवर थांबला. जुना १४ वर येऊन अडला. पाच मिनिटं झाली तरी हलेना.

हे सेन्सर गार होतील तसा त्यांचा रोध वाढतो. तांब्याच्या तारेच्या नेमकं उलट. असा उलटा स्वभाव फॅरेडेनं १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता. आमच्या सेन्सरच्या टोकाला केसाएवढी भेग होती. आत ओल शिरली आणि विजेला एक चोरवाट मिळाली. उकाड्यात मुख्य रस्ताच मोकळा असतो, तेव्हा चोरवाट लक्षात येत नाही. गारठ्यात मुख्य रस्ता अडला, की सगळी वर्दळ तिकडून. म्हणून शून्य अंशावर बसूनही तो बोर्डाला सांगत होता, इथं सतरा अंश आहेत. बोर्ड बिचारा ऐकणारा. हीटर पेटवायचा आणि लगेच विझवायचा. बर्फ थरावर थर.

नवा सेन्सर जुन्याच जागी, नळीला घट्ट बसवला. तारांच्या जोडावर नळकांडं चढवून दोन्ही तोंडं सिलिकॉननं बंद केली. ओल पुन्हा तिथूनच शिरते म्हणाला. सेन्सरचे पैसे किरकोळ होते. दीड तास तो ग्लासापुढं आणि पातेल्यापुढं बसला, त्याची मजुरी सांगताना मात्र तो अडखळला. गॅस भरला म्हटलं असतं तर आम्ही न कुरकुरता तिप्पट दिले असते, हे त्यालाही ठाऊक असावं.

आईनं त्या रात्री दूध फ्रीजमध्ये ठेवलं नाही. परातीत पाणी घालून त्यात पातेलं ठेवलं, सवयीनं. पहाटे कॉम्प्रेसर थांबला. थोड्या वेळानं मागच्या ट्रेमध्ये टप, टप, टप सुरू झालं.

“गळायलंय का रे ते?” आईनं अंधारातून विचारलं.