मुका जीव कोणाच्या हाती सोपवावा?

गावाकडे हा प्रश्न कधी उभा राहिला नाही. कुत्रा दारात असे, पण तो एकाच घरचा नसे; घरची माणसे लग्नकार्याला गेली की शेजारची म्हातारी भाकरीचा तुकडा टाकी, आणि मांजर आपले पोट आपणच भरी. चाळीत आलो तेव्हाही शेजारी किल्ली ठेवून जाता येत असे. आज आपले बरेच सभासद बंद दाराच्या सदनिकांत राहतात. मुलांच्या हट्टाने घरात कुत्रा किंवा मांजर येते आणि मे महिन्यात गावी जायचे ठरले की पहिला वाद होतो तो त्याचे काय करायचे यावरून. दुसरीकडे, कुत्री फिरवून व प्राणी सांभाळून शिक्षणाचा खर्च भागवण्याचा मार्ग आता विद्यार्थ्यांपुढेही आहे. पण "सर्टिफिकेट आहे का?" हा प्रश्न आला की होतकरू मुलगा गांगरतो आणि कोर्सची फी गोळा करायच्या मागे लागतो. या दोन्ही बाजूंचा विचार येथे करू.

प्रथम कायद्याची स्थिती पाहू. घरी येऊन प्राणी सांभाळणाऱ्यासाठी आपल्या देशात सरकारी परवाना नाही आणि सक्तीची परीक्षाही नाही. केंद्र सरकारने २०१७ साली कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयी आणि २०१८ साली पाळीव प्राण्यांच्या दुकानांविषयी नियम केले, पण ते धंदे निराळे. तेव्हा जी प्रमाणपत्रे दाखवली जातात ती खाजगी संस्थांची असतात. अमेरिकेत या व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना १९८९ पासून आहे, तर १९९४ साली निघालेली 'पेट सिटर्स इंटरनॅशनल' ही संस्था परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते; पण याही व्यवसायाच्या संघटनाच, सरकार नव्हे. इंग्लंडमध्ये २०१८ च्या नियमांनुसार कुत्री-मांजरे स्वतःच्या जागेत ठेवून घेण्याचा धंदा करणाऱ्याला स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. तेथेही आपल्या घरी येऊन सांभाळणारा या नियमांत येत नाही.

पशुवैद्यकाची गोष्ट वेगळी. त्याच्या नोंदणीमागे १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा उभा आहे. सांभाळणाऱ्याने कितीही कोर्स केले असले तरी त्याने आपल्या मनाने औषध देऊ नये. माणसाला चालणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

मग प्रमाणपत्राला काहीच किंमत नाही काय? आहे, पण किती ते ओळखले पाहिजे. आम्ही बँकेत काम करणारी माणसे दिवसभर कागदच पाहतो. कागद अर्जदार कोण आहे हे सांगतो. तो हप्ते भरील की नाही हे सांगत नाही. त्यासाठी जामीनदार लागतो, प्रत्यक्ष जागेची पाहणी लागते. प्राण्यांच्या प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र असेल तर या माणसाने काही शिकून घेतले आहे, इतके त्यातून कळते. कोणी पाहत नसताना तो भर उन्हात कुत्र्याला डांबरी रस्त्यावर फिरवील की पहाटे उठून नेईल, हे त्यात लिहिलेले नसते.

म्हणून कागद पाहण्यापेक्षा प्रश्न विचारावेत. "मांजराने दिवसभर तोंडाला काही लावले नाही तर काय कराल?" असे विचारावे. जाणकार माणूस सांगेल की तुम्हाला फोन करीन, डॉक्टरांना विचारीन, वाट पाहत बसणार नाही. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतावर परिणाम होतो. बोका वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन पुन्हा पुन्हा जोर करतो आणि लघवी होत नाही, ही तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखान्यात नेण्याची बाब. कुत्र्याला मनुका, चॉकलेट, कांदा का देऊ नये, हेही विचारून पाहावे. उत्तरे नीट आली तर कागद नसला तरी चालेल, आणि उत्तरे आलीच नाहीत तर चौकटीत लावलेल्या प्रमाणपत्राचा काही उपयोग नाही.

चांगला सांभाळणारा आपल्यापेक्षा अधिक प्रश्न विचारतो, असा आमचा अनुभव आहे. औषध कोणते, किती वाजता, फटाक्यांना भितो का, डॉक्टर कोण, हे त्याला हवे असते. आल्याबरोबर तो कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवत नाही. बाजूला बसतो, वास घेऊ देतो. आधीच्या दोन घरांचे फोन नंबर घ्यावेत आणि एकच गोष्ट विचारावी : दुसऱ्यांदा बोलावलेत का? ओळखपत्राची प्रत घ्यावी. लांबच्या प्रवासाआधी एक रात्र तरी चाचणी म्हणून ठेवून पाहावे. प्राणी बोर्डिंगमध्ये ठेवायचा असेल तर तो रात्री जेथे झोपणार ती जागा डोळ्यांनी पाहावी. तेथे रेबीजच्या लसीची नोंदवही मागितली नाही, तर लगेच परत फिरावे. आपल्याला विचारले नाही म्हणजे इतरांनाही विचारलेले नसणार.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. "ओळखीतला माणूस हवा" असे म्हणणारे पुष्कळदा आडनाव आणि पत्ता ऐकूनच निर्णय करतात. ज्याच्यासाठी शब्द टाकणारे कोणी नाही, अशा आपल्या वस्तीतल्या मुलाला प्रमाणपत्र निदान उंबरठ्याच्या आत नेते. तेवढ्यापुरता त्याचा उपयोग आम्हीही मान्य करतो. परंतु फी भरण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी चौकशी करावी की तेथे प्रत्यक्ष प्राणी हाताळायला मिळतात की नुसते व्हिडिओ दाखवतात. आपल्या सभासदांनी एवढे करावे की पहिली दोन कामे अशा मुलांना आपल्या घरी द्यावीत व मग त्यांच्याविषयी चार ओळी सहीनिशी लिहून द्याव्यात. आणि मोबदला ठरवून द्यावा. "पोरगाच आहे, चहापाण्याला देऊ" हे बरे नव्हे.

मालकावरही बंधन आहे. प्राणी दुसऱ्याच्या ताब्यात सांभाळायला देणे हा कायद्याने 'बेलमेंट'चा व्यवहार होतो. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १५१ नुसार सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी सांभाळणाऱ्याने घ्यायची, मग प्रमाणपत्र असो वा नसो. त्याआधीचे कलम १५० मात्र कोणी वाचत नाही. दिलेल्या वस्तूत असाधारण धोका उत्पन्न करणारा दोष मालकाला ठाऊक असेल, तर तो त्याने सांगितलाच पाहिजे. कुत्रा चावतो हे लपवून एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती साखळी देणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे होय, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस सुरू करायची, हे दोघांनाही पाठ असावे.

जाताना एका कागदावर खाण्याचे प्रमाण, औषधांच्या वेळा, नेहमीच्या डॉक्टरांचा व रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर, तसेच फोन लागला नाही तर उपचारावर किती रुपयांपर्यंत खर्च करावा हे लिहून सही करावी. ही शेवटची ओळ नसली की सांभाळणारा बिचारा दवाखान्याच्या दारात फोन लावत उभा राहतो. दिवाळीत जायचे असेल तर आणखी एक सूचना लिहावी : कुत्र्याला अंधार पडण्यापूर्वीच फिरवून आणावे, पट्ट्यावर फोन नंबर असावा, आणि बाहेर फटाके वाजत असताना कोणी बेल वाजवली तर आधी कुत्र्याला आतल्या खोलीत नेऊन मगच दार उघडावे.