डीजे सुरू करायचाय? लॅपटॉप की स्टँडअलोन मशीन?

हर्सूलच्या आसपास लग्नाच्या सुपाऱ्या घ्यायला लागलेली पोरं हाच प्रश्न विचारतात. शिकत असाल तर डोळे झाकून लॅपटॉप आणि कंट्रोलर घ्या, असं माझं ठाम मत आहे. पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स४ हा कंट्रोलर लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालतो, रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो या दोन्ही डीजे सॉफ्टवेअरसोबत चालतो. जनरेटर बंद पडला तरी लॅपटॉप बॅटरीवर जिवंत. लाइट आली की पुढचं गाणं तयार.

लॅपटॉपवर खरी गोम आहे बफरमध्ये, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी लॅपटॉप साठवून घेतो त्या तुकड्यात! ४४,१०० हर्ट्झला ५१२ सॅम्पलचा बफर ठेवला, तर एकट्या बफरचाच उशीर साधारण ११.६ मिलिसेकंद होतो. २५६ केला की निम्मा. बफर लहान असेल तर स्क्रॅच हाताबरोबर पळतो, पण जुना लॅपटॉप दमतो आणि आवाज तडतडायला लागतो. म्हणून वाजवण्याआधी वाय-फाय, ब्लूटूथ बंद करा, अपडेट थांबवा, चार्जर लावूनच ठेवा. तरीही तडतडलं तर बफर एक पायरी वाढवा.

मे महिन्यातली वरात मात्र वेगळी. टेम्पोवरच्या उन्हात लॅपटॉप तापून मंदावतो, स्क्रीनही दिसत नाही. सीझनभर सुपाऱ्या असतील तर एक्सडीजे-आरएक्स३सारखं, लॅपटॉपशिवाय पेनड्राइव्हवर चालणारं स्टँडअलोन मशीन परवडतं. पेनड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट करा आणि गाणी रेकॉर्डबॉक्समधून एक्स्पोर्ट करूनच भरा; नुसती कॉपी केली तर तुमचे हॉट क्यू (गाण्यात लावलेल्या खुणा) आणि प्लेलिस्ट मशीनवर येणार नाहीत. आणि तसाच भरलेला दुसरा पेनड्राइव्ह खिशात हवाच.