कुलूप कोण तपासणार?

शिष्यवृत्तीचा अर्ज आता संगणकावरच भरावा लागतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचे खाते, सगळे त्यात. पाथर्डी-शेवगाव-जामखेडच्या मुलामुलींची ही कागदपत्रे ज्या यंत्रांतून जातात, त्यांचे कुलूप पक्के आहे काय? कंपनी म्हणते, आहे. आम्ही म्हणतो, दाखवा! बंद प्रणालीचा मालक दाखवीत नाही. लिनक्समध्ये मात्र सारे उघडे असते.

एसई-लिनक्सचेच पाहा. कोणत्या प्रोग्रामने कोणत्या फाइलला हात लावायचा, याचे नियम ते ठरविते. नियमात नसेल तर मनाई. अमेरिकेच्या एनएसए या हेरखात्याने ते डिसेंबर २००० मध्ये खुले केले. (हेरखात्याचे कुलूप आपल्या दाराला कोण लावील? पण त्याची ओळ न् ओळ कोणालाही वाचता येत होती.) २००४ साली फेडोरा कोअर २ च्या चाचणी आवृत्त्यांत ते चालू करून दिले गेले. लोकांनी आपापल्या यंत्रांवर चालवून पाहिले. नियम इतके कडक, की रोजची कामे अडू लागली. तक्रारींचा पाऊस पडला. मे महिन्यात अंतिम आवृत्ती आली ती हे कुलूप बंद ठेवूनच. नोव्हेंबरमध्ये फेडोरा कोअर ३ मध्ये ते चालू झाले, पण ठरावीक सेवांपुरत्या आटोपशीर नियमांसह. या तपासणाऱ्यांत पगारी अभियंते होते, तसे पदरचा वेळ घालणारेही होते.

मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्या साधनात दडविलेला चोरदरवाजा सापडला. आंद्रेस फ्रॉइंड हा डेटाबेसवर काम करणारा माणूस. डेबियनच्या अस्थिर (सिड) आवृत्तीवर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढेच तो शोधत होता!

फेडोराची संमेलने २०११ आणि २०१५ साली पुण्यात भरली. अहिल्यानगरहून पुणे ते किती लांब? या कामाला पदवी लागत नाही, जातीचा दाखला तर नाहीच. शिवाय काही गोष्टी आपल्याच मुलांना तपासता येतील. मराठी कळफलक निवडून डिस्कला पासवर्ड घातला, तर यंत्र सुरू होताना तोच कळफलक मिळतो काय? बोस्टनमध्ये बसलेल्याला हे सुचणार कसे?

काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले आणि आवृत्ती कोणती, एवढे मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिले तरी चालते. मात्र चाचणीची आवृत्ती जुन्या, रिकाम्या यंत्रावरच घालावी. घरातले दाखले ज्या संगणकात आहेत, त्यावर नव्हे.