न गेलेल्या नोकऱ्यांचा हिशेब

संकटकाळाचं अर्थकारण : लेखांक ५

मागच्या लेखांकात आपण लेहमन ब्रदर्सच्या दिवाळखोरीपासून निघून, ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं बँका सावरण्यासाठी मंजूर केलेल्या ७०० अब्ज डॉलरपर्यंत पोचलो होतो. मोठ्या बँकांची पडझड त्यानंतर हळूहळू थांबली, पण तोवर संकट कारखान्यांत आणि घराघरांत शिरलं होतं. घरांच्या किमती कोसळल्या म्हणून लोकांनी खर्च आवरला. त्यामुळं माल पडून राहिला, माल पडून राहिला म्हणून माणसं कमी झाली आणि काम गेलेल्यांनी खर्च आणखी आवरला. बराक ओबामांनी २० जानेवारी २००९ ला शपथ घेतली, त्या महिन्यात बेकारीचा दर ७.८ टक्के होता आणि त्या एका महिन्यात सात लाखांहून अधिक नोकऱ्या गेल्या. इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट हे फिरत्या घरांच्या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यांचं शहर. तिथली बेकारी वर्षभरात तिपटीनं वाढून पंधरा टक्क्यांवर गेली होती.

अशा वेळी सरकारनं कर्ज काढून खर्च करावा का? या प्रश्नावर अमेरिकेत झालेला वाद पुढं जगभर पुन्हा पुन्हा झाला. तो नीट समजून घेतला, तर आपल्याकडच्या प्रत्येक 'पॅकेज'कडे पाहण्याची नजर बदलते.

व्याजदराचं हत्यार संपलं

एरवी मंदीत मध्यवर्ती बँक व्याजदर उतरवते. कर्ज स्वस्त झालं की उद्योग गुंतवणूक करतात, लोक घरं घेतात आणि गाडं पुन्हा चालू लागतं. पण १६ डिसेंबर २००८ ला फेडरल रिझर्व्हनं आपला दर शून्य ते पाव टक्क्यावर आणला. त्याखाली जायला जागाच उरली नव्हती. अर्थव्यवस्था मात्र घसरतच होती, म्हणून सगळ्यांचं लक्ष सरकारी तिजोरीकडे वळलं.

गुणकाचा प्रश्न

सरकारी खर्चाच्या बाजूचा मूळ युक्तिवाद अर्थशास्त्रज्ञ केन्स यांचा. एकाचा खर्च हे दुसऱ्याचं उत्पन्न असतं. सरकारनं रस्त्यावर एक डॉलर खर्च केला, तर तो मजुराच्या हाती येतो. मजूर त्यातला काही भाग किराणा दुकानात देतो, दुकानदार आणखी कुणाला देतो. असं फिरत शेवटी एका डॉलरनं राष्ट्रीय उत्पन्नात किती भर पडली, त्याला गुणक म्हणतात. रिचर्ड कान यांनी १९३१ मध्ये तो मांडला. ओबामांच्या सल्लागार क्रिस्टिना रोमर आणि जॅरेड बर्नस्टीन यांनी सरकारी खरेदीचा गुणक साधारण दीड धरला होता.

विरोधकांचे आक्षेप किरकोळ नव्हते. हार्वर्डचे रॉबर्ट बॅरो यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या खर्चावरून गुणक ०.८ काढला. म्हणजे सरकारनं एक डॉलर घातला, की खाजगी क्षेत्रातले वीस सेंट आटतात. शिकागोचे यूजीन फामा आणि जॉन कॉक्रन यांचं म्हणणं असं, की सरकार जो डॉलर कर्जाऊ घेतं तो कुणा ना कुणाकडूनच येतो आणि तिथला खर्च तेवढाच कमी होतो. १९२९ मध्ये ब्रिटनच्या अर्थखात्यानं लॉइड जॉर्ज यांच्या सार्वजनिक कामांच्या योजनेविरुद्ध हाच मुद्दा मांडला होता आणि केन्स व ह्युबर्ट हेंडरसन यांनी त्याला पुस्तिका लिहून उत्तर दिलं होतं. जानेवारी २००९ मध्ये केटो इन्स्टिट्यूट या अभ्याससंस्थेनं वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात दिली. सरकारी खर्च वाढवण्यावर सर्व अर्थतज्ज्ञांचं एकमत आहे हा दावा आपल्याला मान्य नाही, असं म्हणत तिच्यावर शेकडो अर्थतज्ज्ञांनी सह्या केल्या. जेम्स ब्युकॅनन, एडवर्ड प्रेस्कॉट आणि व्हर्नन स्मिथ हे नोबेल विजेते त्यांत होते.

सामान्य माणसाला पटेल असा आक्षेप मात्र वेगळाच होता. घरं काटकसर करतायत, मग सरकारनंही करावी, असं रिपब्लिकन नेते जॉन बेनर सांगत होते. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपल्यालाही बालपणापासून ऐकवलं जातं आणि घरासाठी तो सल्ला योग्यच आहे. पण घरानं खर्च कापला म्हणून घराचं उत्पन्न घटत नाही. सगळी घरं, सगळे उद्योग आणि सरकार एकाच वेळी खर्च कापू लागले, तर सगळ्यांचंच उत्पन्न आटतं. कामगार रिकामे आहेत, यंत्रं बंद आहेत, बँकांतल्या पैशाला कर्जदार नाही, अशा वेळी सरकारचं कर्ज कुणाच्या तोंडचा घास काढत नाही. हेच कर्ज तेजीत काढलं, तर मात्र बॅरो आणि फामा यांचं म्हणणं खरं ठरू शकतं. गुणक हा काळ आणि परिस्थिती पाहून बदलणारा आकडा आहे. वादातले बरेच जण तो कायमचा ठरलेला असल्यासारखे बोलत होते.

७८७ अब्ज पुरेसे होते का?

मंदीवर उपाय म्हणून ओबामांनी आणलेली योजना अखेर ७८७ अब्ज डॉलरची ठरली. तिच्याबद्दलच्या वादातली तिसरी बाजू अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांची. काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाच्या अंदाजानुसार पुढच्या दोन वर्षांत अर्थव्यवस्था आपल्या क्षमतेपेक्षा सुमारे २,१०० अब्ज डॉलरनं कमी उत्पादन करणार होती. त्या खड्ड्यासाठी ही रक्कम अपुरी आहे आणि ती अपुरी पडली की 'खर्चाचा उपायच चुकीचा होता' असं लोक म्हणतील, असा इशारा त्यांनी तेव्हाच दिला होता.

रक्कम एवढीच का राहिली, याचं उत्तर राजकारणात आहे. सिनेटमध्ये ६० मतं लागणार होती आणि ती सुझन कॉलिन्स, ऑलिंपिया स्नो व आर्लेन स्पेक्टर या तीन रिपब्लिकन सदस्यांशिवाय जमत नव्हती. त्या तडजोडीत राज्यांच्या मदतीला कात्री लागली. प्रतिनिधिगृहात एकाही रिपब्लिकन सदस्यानं बाजूनं मत दिलं नाही. हजारावर पानांचं विधेयक कुणी वाचलेलंसुद्धा नाही, असं म्हणत बेनर यांनी त्याचा गठ्ठा सभागृहात जमिनीवर टाकला. १७ फेब्रुवारी २००९ ला डेन्व्हरमध्ये ओबामांनी त्यावर सही केली. एकूण ७८७ अब्ज डॉलरपैकी एक तृतीयांशाहून थोडे जास्त पैसे करसवलतीत गेले. उरलेले बेकारी भत्ता, आरोग्य आणि शिक्षणासाठी राज्यांना मदत, रस्ते, वीज आणि इतर कामं यांत वाटले गेले.

आठ टक्क्यांचा आलेख

सर्वांत मोठी चूक एका आलेखात झाली. रोमर आणि बर्नस्टीन यांच्या अहवालात म्हटलं होतं, की योजना राबवली तर बेकारी ८ टक्क्यांच्या आसपास थांबेल, नाहीतर ती ९ टक्क्यांवर जाईल. प्रत्यक्षात ऑक्टोबर २००९ मध्ये ती १० टक्क्यांवर पोचली.

विरोधक म्हणाले, पैसे वाया गेले. समर्थक म्हणाले, पैसे कमी पडले. दोघांच्या हातात आकडा एकच होता. खरी गोष्ट अशी, की आजार किती खोल आहे हेच तेव्हा कुणाला कळलं नव्हतं. २००८ च्या शेवटच्या तिमाहीत उत्पादन वार्षिक ३.८ टक्के दरानं घटलं, असा पहिला सरकारी अंदाज होता. पुढं सुधारलेल्या आकड्यांत ती घट ८ टक्क्यांच्या वर निघाली. अहवाल लिहिला गेला तेव्हा अमेरिका त्यातल्या गृहीतकांपेक्षा कितीतरी खोल गेलेली होती. पण जनतेला दिसतो तो आजचा बेकारी दर. योजना नसती तर काय झालं असतं, ते कुणालाच दिसत नाही.

आणि या योजनेतलं सर्वांत उपयोगी तेच सर्वांत कमी दिसणारं होतं. बहुतेक कमावत्या माणसांना ४०० डॉलरपर्यंतची करसवलत दिली गेली, ती दर पगारात थोडी थोडी. २०१० च्या एका जनमत चाचणीत ओबामांनी कर कमी केले असं म्हणणारे फक्त १२ टक्के निघाले. अमेरिकेतल्या जवळजवळ सर्व राज्यांना कायद्यानं तुटीचा अर्थसंकल्प मांडता येत नाही, म्हणून मंदीत ती शिक्षक, परिचारिका, अग्निशामक जवान कमी करतात. केंद्राच्या मदतीनं त्यांतल्या अनेकांच्या नोकऱ्या टिकल्या. टिकलेल्या नोकरीचं उद्घाटन होत नाही आणि तिची बातमीही होत नाही. बातमी झाली सोलिंड्राची. सौर पॅनेल बनवणाऱ्या या कंपनीला ५३.५ कोटी डॉलरच्या कर्जाची हमी मिळाली होती आणि २०११ मध्ये ती बुडाली. संपूर्ण योजनेच्या हजारातल्या एका भागाहूनही ही रक्कम कमी होती, तरी योजनेचा चेहरा म्हणून तीच लोकांच्या लक्षात राहिली.

तयार कामं कुठं होती?

सरकारची एक चूक मात्र स्पष्ट होती. लगेच सुरू होतील अशी कामं तयार आहेत, असं सांगितलं गेलं. तशी तयार कामं फारशी नसतातच, हे २०१० मध्ये खुद्द ओबामांनी मान्य केलं. महाराष्ट्राला हा प्रश्न जुना आहे. १९७२ च्या दुष्काळातून आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेत, मजुरांनी मागणी करण्याआधीच कामांचे आराखडे मंजूर करून ठेवावे लागतात. आजही आपल्या पंचायत समित्यांत 'शेल्फवरची कामं' हा शब्द रोजचा आहे. त्या यादीची गुणवत्ता आपल्याकडेही अनेकदा सुमार असते, पण तयारी संकटाच्या आधी हवी हे त्या योजनेचे जनक वि. स. पागे यांनी ओळखलं होतं.

मग निकाल काय?

अर्थसंकल्प कार्यालयाच्या अंदाजानुसार २०१० च्या दुसऱ्या तिमाहीत या योजनेमुळं १४ ते ३३ लाख जास्त लोक कामावर होते. २०१२ मध्ये शिकागो विद्यापीठानं नामवंत अर्थतज्ज्ञांना विचारलं, तेव्हा ८० टक्क्यांनी योजनेमुळं बेकारी कमी राहिली असं सांगितलं. पण एकूण फायदा खर्चाहून जास्त झाला का, याला होकार देणारे निम्म्याहून कमी होते. ही सावध उत्तरं मला प्रामाणिक वाटतात. कर्जाचा बोजा वाढला, हे खरं. व्याजदर भडकतील ही भीती मात्र खरी ठरली नाही. २०१२ मध्ये दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांवरचं व्याज दोन टक्क्यांच्याही खाली होतं.

माझं मत स्पष्ट आहे. व्याजदर शून्यावर असताना आणि लाखो हात रिकामे असताना खर्च न करणं ही काटकसर नव्हे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या बेकारांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक लोक सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ कामाविना होते. इतका काळ घरी बसलेल्या माणसाचं कौशल्य आणि उमेद दोन्ही झिजतात, आणि ते नुकसान कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही. म्हणून पैसा लवकर पोचावा, जिथं तो लगेच खर्च होईल तिथं जावा, आणि तो कधी थांबवायचा याचा नियम आधी लिहिलेला असावा. सरकारांनी आकड्यांची हमी देऊ नये. आणि आपण नागरिकांनी, सरकार कुठल्याही पक्षाचं असो, 'काय झालं?' याच्या जोडीला 'हे केलं नसतं तर काय झालं असतं?' हा प्रश्न विचारायला शिकावं. तो न विचारता दिलेला निकाल नेहमी दिसणाऱ्या पुलांच्या बाजूनं आणि न दिसणाऱ्या शिक्षकांच्या विरुद्ध जातो.

(पुढील लेखांकात : डिसेंबर २००८ ते फेब्रुवारी २००९ या काळात भारत सरकारनं जाहीर केलेली तीन पॅकेजं, अबकारी करातली कपात आणि त्यानंतरच्या वर्षांतली महागाई. खर्च वेळेवर थांबवणं इतकं अवघड का जातं?)