विश्लेषण : रात्री साडेदहाचा मेसेज, सकाळी आठचे प्रॅक्टिकल... कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपला नियम हवेत का?

वैतरणा ते बोईसर पट्ट्यात वर्गाचा ग्रुप हाच अनेकांचा सूचनाफलक. पण मेसेज चुकला तर जबाबदारी कोणाची?

‘उद्याचे प्रॅक्टिकल सकाळी आठला होईल.’ रात्री साडेदहाला वर्गाच्या ग्रुपवर असा मेसेज आला, तर पालघरमध्येच राहणारा विद्यार्थी गजर लवकरचा लावून झोपतो. वैतरणा किंवा सफाळ्याहून येणाऱ्या मुलीला मात्र आधी लोकलचे वेळापत्रक पाहावे लागते.

या भागात ग्रुप इतका महत्त्वाचा का?

चर्चगेट-विरार लोकल एप्रिल २०१३ मध्ये डहाणूपर्यंत नेण्यात आली. तरीही विरारपुढे फेऱ्या मोजक्याच आहेत. मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्याही त्याच दोन मार्गिकांवरून धावतात. चौपदरीकरणाचे काम सुरू आहे. वैतरणा खाडीतील वाढीव बेटावरचे रहिवासी तर वर्षानुवर्षे रेल्वेपुलावरून चालत स्टेशन गाठत आले आहेत. अशा ठिकाणाहून निघाल्यावर ‘आज लेक्चर नाही’ हे कॉलेजच्या गेटवर कळले, तर अख्खा दिवस वाया जातो. वेळेवर आलेला एक मेसेज तो वाचवतो. तारापूर एमआयडीसीत पाळीत काम करून शिकणाऱ्यांनाही ग्रुपचाच आधार असतो.

हे रूढ कधी झाले?

ग्रुप आधीही होते. मार्च २०२० च्या टाळेबंदीत वर्ग बंद झाले आणि लिंक, नोट्स, असाइनमेंट, हजेरी सगळेच फोनवर आले. अंतिम वर्षाच्या परीक्षा होणार की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २८ ऑगस्ट २०२० रोजी परीक्षा घ्याव्याच लागतील, असा निकाल लागला. त्या काळात विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न ग्रुपवरच पडत होता. वर्ग पुन्हा भरले, सवय मात्र राहिली.

अडचण नेमकी कुठे?

पहिली अडचण, मेसेज पोहोचला म्हणजे सूचना मिळाली, असे धरले जाते. नेट पॅक संपलेला असतो किंवा घरात एकच फोन असतो. उशिरा प्रवेश घेतलेल्याला आधीचे मेसेज सहसा दिसत नाहीत. मुंबई विद्यापीठात ७५ टक्के हजेरीचा नियम आहे, त्यामुळे चुकलेला मेसेज थेट हजेरीत मोजला जातो.

दुसरी, मोबाइल नंबर. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. विद्यार्थिनींना नको असलेले मेसेज येण्याची वाट इथूनच उघडते. मॅडमना मध्यरात्री ‘इंटर्नलचे मार्क किती?’ असे विचारले जाते, तेही यातूनच.

तिसरी, ब्लू टिक. तुम्ही ती बंद ठेवली तरी ग्रुपमधला मेसेज तुम्ही वाचल्याचे पाठवणाऱ्याला दिसते. पण वाचले म्हणजे पोहोचता येईल, असे नाही.

नियम काय सांगतात?

सीनियरनी अनौपचारिक व्हॉट्सॲप ग्रुप करून ज्युनियरना त्रास देणे हे रॅगिंगच मानले जाईल, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये बजावले. हेल्पलाइन क्रमांक १८००-१८०-५५२२. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असणे आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे.

ॲडमिन झालेल्या प्राध्यापकांसाठी एक महत्त्वाचा निकाल आहे. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला, समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल तर, ॲडमिन जबाबदार ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केले.

काय करता येईल?

- सूचनांचा ग्रुप वेगळा ठेवून ‘फक्त ॲडमिन’ ही सेटिंग लावावी. शंकांसाठी दुसरा ग्रुप करावा.
- व्हॉट्सॲप कम्युनिटीच्या घोषणा गटात सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. गुगल क्लासरूमला तर मोबाइल नंबर लागतच नाही आणि तिथे पोस्ट आधीच शेड्यूल करता येते.
- वेळ ठरवावी. उद्याच्या बदलाची सूचना आज संध्याकाळच्या आत जावी. त्यानंतर कळवलेल्या बदलासाठी गैरहजेरी लावू नये.
- परीक्षा, फी आणि हजेरीची सूचना कॉलेजच्या फलकावर व वेबसाइटवरही असावी.
- गुण, जात प्रमाणपत्र, आधार यांचे फोटो ग्रुपवर टाकू नयेत.
- विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांना वैयक्तिक मेसेज करताना नाव, वर्ग, रोल नंबर आणि काम एकाच मेसेजमध्ये लिहावे. नुसते ‘सर’ लिहून थांबू नये.

यातल्या कशालाही वेगळा खर्च नाही. सत्राच्या पहिल्याच आठवड्यात वर्गात दहा मिनिटे बोलून हे ठरवता येते. वेळ ठरवताना सर्वांत लांबून येणाऱ्याची गाडी कितीची आहे, एवढे मात्र आधी विचारायला हवे.