हाडांची औषधं: दोन एकदम की एकामागून एक?

आपल्या हाडांची डागडुजी आयुष्यभर चालू असते. काही पेशी जुनं हाड खरवडून काढतात, काही तिथे नवं भरतात. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटतं, खरवडणाऱ्या पेशी जोर धरतात आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात. ॲलेन्ड्रोनेट, झोलेड्रॉनिक ॲसिड, डेनोसुमॅब ही औषधं या झिजेला लगाम घालतात. टेरिपॅराटाइडचं रोजचं इंजेक्शन मात्र नवं हाड घडवतं. मग दोन्ही एकदम दिली तर फायदा दुप्पट, असं कुणालाही वाटेल. डॉक्टरांनाही ती आशा होती.

2003 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या दोन अभ्यासांनी तिला धक्का दिला. टेरिपॅराटाइड ज्याचा अंश आहे, त्या पॅराथायरॉइड हार्मोनचा हाड घडवण्याचा जोर ॲलेन्ड्रोनेटची जोड मिळाल्यावर उलट मंदावला. खरवडणं आणि भरणं बहुतांशी जोडीनेच चालतं. एकाला दाबलं की दुसरंही थंडावतं. पुढे बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या ‘डेटा’ अभ्यासात टेरिपॅराटाइड आणि डेनोसुमॅब एकत्र दिल्यावर हाडांची घनता कुठल्याही एकट्या औषधापेक्षा जास्त वाढली. पण त्यात शंभराच्या आसपासच स्त्रिया होत्या. फ्रॅक्चर किती टळतात, हे इतक्या छोट्या अभ्यासातून ठरत नाही.

त्याच स्त्रियांची पुढची नोंद मला अधिक मोलाची वाटते. ज्यांना आधी टेरिपॅराटाइड आणि मग डेनोसुमॅब मिळालं, त्यांची घनता वाढत राहिली. उलट क्रमाने औषधं मिळालेल्यांची कमाई काही काळ घसरली. म्हणूनच फ्रॅक्चरचा धोका फार असेल, तर आधी घडवणारं औषध आणि नंतर टिकवणारं, या क्रमाकडे आज तज्ज्ञांचा कल आहे. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पुरेसं हवंच, पण तेवढ्याने उपचार पूर्ण होत नाही.

खरा धोका असतो औषध मध्येच सोडण्यात. डेनोसुमॅब दर सहा महिन्यांनी घ्यावं लागतं. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून पुढचं इंजेक्शन टाळलं, तर दबलेली झीज उसळून येते, कमावलेली घनता भराभर उतरते आणि काहींच्या पाठीचे एकाहून अधिक मणके मोडतात. डेनोसुमॅब थांबवायचंच असेल, तर त्यामागून दुसरं टिकवणारं औषध द्यावं लागतं. आईला किंवा आजीला हे इंजेक्शन चालू असेल, तर पुढची तारीख आजच लिहून ठेवा, आणि बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा: यानंतर कोणतं औषध?